विक्रमांची वही आणि वहीत नसलेलं हरीण

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने अमेरिकेतल्या हरणांच्या शिंगांवर काय बोलायचं? पण आपली मालिका पुराव्याबद्दल आहे. आकड्यांवरून अनुमान कसं चुकतं, याचा इतका स्वच्छ नमुना मला दुसरा सापडलेला नाही. माझा एक जुना विद्यार्थी विस्कॉन्सिनमध्ये नोकरी करतो. त्याने विचारलं होतं, ‘सर, इथले लोक विक्रमांची पुस्तकं दाखवून म्हणतात, की धनुष्यबाणाने मारलेली मोठी हरणं दर दशकात वाढताहेत, म्हणजे आमचं जंगल सुधारतंय. हे खरं मानायचं का?’ तेव्हा आज आपण या पुस्तकांकडे पुस्तक म्हणून बघू. शिकार योग्य की अयोग्य, हा वाद आज बाजूला ठेवतो.

आधी पुस्तकांची ओळख. बून अँड क्रॉकेट क्लब १८८७ साली थिओडोर रूझवेल्ट, जॉर्ज बर्ड ग्रिनेल वगैरे मंडळींनी स्थापन केला. त्यांचं पहिलं विक्रम-पुस्तक १९३२चं. त्यामागची भावना थोडी श्राद्धासारखी होती. ही जनावरं संपत चालली आहेत, निदान मापं तरी लिहून ठेवू, असं त्यांना वाटत होतं. पांढऱ्या शेपटीचं हरीण, म्हणजे व्हाइटटेल, १९०० च्या सुमाराला साऱ्या देशात जेमतेम पाच लाखांच्या आसपास उरलं होतं. आज ते तीन कोटींच्या घरात आहे. म्हणजे मृत्युलेख म्हणून जी वही उघडली, ती पुढे जमाखर्चाची झाली.

दुसरं पुस्तक पोप अँड यंग क्लबचं. हा क्लब १९६१चा आणि फक्त धनुष्यबाणवाल्यांचा. इथे नोंदी ठेवण्याचा हेतू वेगळा होता. धनुष्य हे खेळणं आहे, त्याने जनावर नुसतं जखमी होतं, असा आक्षेप तेव्हा घेतला जायचा. राज्यांनी धनुर्धाऱ्यांना स्वतंत्र हंगाम द्यावा, म्हणून ‘बघा, आम्हीही मोठी जनावरं नीट मारू शकतो’ हे दाखवायचं होतं. म्हणजे ही वही जन्मालाच आली ती वकिलाची फाइल म्हणून. वकिलाची फाइल खोटी असते असं नाही. पण वकील सगळे कागद फाइलला लावत नाही, हे आपण जाणतो.

क्लबच्या नावातले पोप म्हणजे सॅक्स्टन पोप, कॅलिफोर्निया विद्यापीठातले शल्यचिकित्सक. त्यांना धनुष्य कोणी शिकवलं? इशी नावाच्या माणसाने. याही जमातीची कत्तल झाल्यावर उरलेला हा शेवटचा माणूस १९११ मध्ये ऑरोव्हिल गावाजवळ सापडला, विद्यापीठाच्या संग्रहालयात राहिला आणि १९१६ मध्ये क्षयाने गेला. ‘इशी’ हे त्याचं नाव नव्हेच. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ ‘माणूस’. स्वतःचं नाव त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज या क्लबचा सर्वोच्च सन्मान ‘इशी अवॉर्ड’ या नावाने एखाद्या असामान्य ट्रॉफीला दिला जातो. गौरव आहे, नाही म्हणत नाही. पण त्याची अख्खी जमात गेली आणि नाव लागलं ते शिंगांच्या सन्मानाला. वहीत काय चढतं आणि काय चढत नाही, याची चुणूक इथेच मिळते.

आता मोजणी. आपल्याकडे काळविटाची शिंगं कायमची असतात, सांबर-चितळाची दरवर्षी गळून पुन्हा उगवतात. व्हाइटटेल सांबराच्या जातकुळीचं. दोन मुख्य दांड्यांची लांबी, प्रत्येक शाखेची लांबी, ठरलेल्या जागांवरचे चार-चार घेर आणि दोन दांड्यांमधलं आतलं अंतर, असं सगळं इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजून बेरीज करतात. शिंगं सुकताना आकसतात, म्हणून आधी साठ दिवस वाळू देतात. ‘टिपिकल’ म्हणजे रूढ घडणीच्या शिंगांसाठी पोप अँड यंगचा उंबरठा १२५ इंचांचा आहे. बून अँड क्रॉकेटच्या कायमच्या यादीसाठी तो १७०. पद्धत काटेकोर आहे, यात शंका नाही. जुन्या हिंदुस्थानातल्या वाघांच्या मापांशी तुलना करा. दोन खुंट्यांमध्ये सरळ मोजायचं की पाठीच्या वळणावरून टेप फिरवायची, यावर वाघ काही इंच लांब किंवा आखूड व्हायचा.

पण काटेकोर म्हणजे निरपेक्ष नव्हे. या पद्धतीत डाव्या-उजव्या शिंगांतला फरक वजा होतो. हरणाने तेवढंच हाड उगवलं असलं, तरी ते एका बाजूला जास्त असलं तर गुण कमी. सममिती हा सौंदर्याचा निकष आहे, जीवशास्त्राने तो मागितलेला नाही. म्हणजे आकड्यात आवड मिसळलेली आहे आणि आकडा एकदा छापला गेला, की आवड दिसेनाशी होते.

आता मुख्य अनुमानाकडे येऊ. ‘नोंदी वाढल्या, म्हणून हरणं मोठी झाली.’ न्यायदर्शनात यावर एक नेमकं हत्यार आहे, उपाधी. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान चुकतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ओलं लाकूड ही उपाधी, म्हणजे लपलेली अट. तसं इथे ओलं लाकूड कोणतं?

पहिलं, शिकाऱ्यांची संख्या आणि साधन. विस्कॉन्सिनने धनुर्धाऱ्यांचा स्वतंत्र हंगाम १९३४ मध्ये सुरू केला, तेव्हा तो नवलाईचा होता. मिसुरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्याचा अर्ज १९६६ मध्ये केला आणि १९६९ मध्ये पेटंट मिळालं. या धनुष्यात दोरी पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण एकदम कमी होतो, त्यामुळे नेम धरून थांबता येतं. वर्षानुवर्षांचा सराव नसलेला माणूसही मग रानात जाऊ लागला. जाळी टाकणारे वाढले, तर मासळी वाढलेली दिसणारच.

दुसरं, हंगामाची वेळ. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात माजावर आलेला नर सावधपणा सोडून दिवसाढवळ्या फिरतो. आयोवात बंदुकीचा मुख्य हंगाम डिसेंबरात असतो. म्हणजे माजाचा काळ धनुर्धाऱ्यांच्या वाट्याला येतो आणि बंदुकीपासून वाचलेले नर आणखी एक वर्ष जगतात. हे जंगलाने ठरवलेलं नाही, सरकारी कॅलेंडरने ठरवलं आहे.

तिसरं मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. ते म्हणजे वय. व्हाइटटेलची शिंगं साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात भरतात. १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत मारल्या जाणाऱ्या नरांपैकी दहातले सहा दीड वर्षांचे, म्हणजे पहिलीच शिंगं आलेले पोरगे असायचे. आता ते प्रमाण दहात तीनच्याही खाली आलं आहे. का? कारण शिकारी लहान नराला जाऊ देऊ लागले. काही राज्यांनी नियमही केले. इंडियानाने २००२ पासून एका शिकाऱ्याला वर्षाला एकच नर, असं बंधन घातलं. एकच मिळणार म्हटल्यावर माणूस थांबतो. तेव्हा वाढलेल्या नोंदींमध्ये हरणांच्या रक्तातला बदल शोधण्याआधी माणसांच्या सवयीतला बदल बघायला हवा. वहीतला प्रत्येक मोठा नर हा आधी कोणीतरी न मारलेला लहान नर असतो.

चौथं, मोजण्याची हौस. नोंद ऐच्छिक आहे, शुल्क आहे, अधिकृत मापकाकडे शिंगं न्यावी लागतात. व्हाइटटेलच्या नोंदींत विस्कॉन्सिन पहिलं आणि काउंट्यांमध्ये पोप अँड यंगच्या वहीत तिथलीच बफेलो काउंटी पहिली. मिसिसिपीच्या काठचे चढउतार, दऱ्यांतली झाडी, सपाटीवर मका नि सोयाबीन, हे सगळं खरंच अनुकूल आहे. पण तिथे राज्याचा स्वतःचा विक्रम-क्लब आहे, शिंगं मोजून घेण्याची जुनी परंपरा आहे. जिथे शिंगं गोठ्याच्या भिंतीवर ठोकून विषय संपतो, त्या गावाचं हरीण वहीत कसं येणार?

आता सरासरीकडे बघा. उंबरठा असलेल्या यादीची सरासरी फार फसवी असते. समजा, एका काउंटीत तीन हरणं वहीत गेली, १३०, १४० आणि १५० इंचांची. सरासरी १४०. बाहेर राहिली तीन, १२१, १२२ आणि १२३ची. काही वर्षांनी प्रत्येक हरीण पाच इंचांनी वाढलं. आतली झाली १३५, १४५, १५५. बाहेरची १२६, १२७, १२८ होऊन आत आली. सहांची सरासरी काढा, १३६ येते. प्रत्येक हरीण वाढलं आणि वहीतली सरासरी चार इंचांनी घटली! उदाहरण माझं, काल्पनिक आहे. पण सरासरी घटली म्हणून रडणारा आणि नोंदी वाढल्या म्हणून नाचणारा, दोघेही एकाच उंबरठ्याला अडखळतात.

याचा अर्थ या वह्यांमधून काहीच शिकता येत नाही, असा नाही. २०१३ मध्ये ‘वाइल्डलाइफ मोनोग्राफ्स’मध्ये एक मोठा अभ्यास आला. बून अँड क्रॉकेटच्या शतकभराच्या, २२ हजारांहून अधिक नोंदी तपासल्या. बहुतेक प्रकारांत आकार अगदी थोडा, पण घटलेला दिसला. त्यांचा कल असा, की नरांची शिकार दाट झाली की म्हातारं होईपर्यंत नर टिकत नाहीत. मला त्यांची शिस्त आवडली. त्यांनी एकेक पर्यायी कारण पुढे ठेवलं आणि ते आकड्यांशी ताडून बघितलं. हे उपाधी शोधण्याचंच काम आहे.

आता मीमांसकांकडे वळू. कुमारिल भट्ट अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही हे कळतं. पण अट आहे. घडा असता, तर तो दिसला असता, अशी स्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा न दिसणं हा पुरावा नव्हे. म्हणून ‘योग्य’ अनुपलब्धी.

ही अट वहीला लावून बघा. धनुष्याचा टिपिकल विक्रम १९६५ मध्ये इलिनॉयच्या पिओरिया काउंटीत झाला, २०४ पूर्णांक ४/८ इंच. तो अजून टिकून आहे. म्हणजे त्यापेक्षा मोठं टिपिकल हरीण बाणाला पडलंच नाही? २०२१ मध्ये इंडियानात पडलं, २११ पूर्णांक ४/८चं. पण ते क्रॉसबोने मारलं होतं आणि क्रॉसबोला पोप अँड यंग धनुष्य मानत नाही. नियम त्यांचा आहे, आणि त्याला तर्कही आहे. पण ओहायोसारख्या राज्यात आता साध्या धनुष्यापेक्षा क्रॉसबोनेच जास्त हरणं पडतात. उद्या वहीतल्या नोंदी घटल्या, तर ‘हरणं लहान झाली’ असं कोणी म्हणू नये. खोलीतला दिवा कमी झालेला असेल.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे बून अँड क्रॉकेटच्या नॉन-टिपिकल, म्हणजे वेड्यावाकड्या शिंगांच्या यादीतली पहिली दोन हरणं. एक मिसुरीत १९८१ मध्ये सापडलं, ३३३ पूर्णांक ७/८. दुसरं १९४० मध्ये ओहायोत रेल्वेच्या कडेला, ३२८ पूर्णांक २/८. दोन्ही मेलेली सापडली. सर्वात मोठी दोन हरणं कुठल्याच शिकाऱ्याला मिळाली नाहीत! मग किती मोठी हरणं कोणाला न सापडता मातीत गेली असतील?

आता यात पणाला काय लागलंय, ते सांगून थांबतो. हे आकडे नुसते हौसेचे राहिलेले नाहीत. वहीत वरचा क्रमांक आला, की त्या काउंटीच्या जमिनीच्या जाहिरातीत तो छापला जातो. शिकारीचे हक्क भाड्याने जातात, बाहेरचे लोक येतात, त्यामुळे नोंदी आणखी वाढतात आणि क्रमांक पक्का होतो. वर्षानुवर्षं शेजाऱ्याला विचारून त्याच्या शेतात शिकार करणारा स्थानिक माणूस बाहेर पडतो. शिवाय ज्या संयमाने नर मोठे झाले, त्या संयमाचं पारितोषिक मात्र इंचांत मिळतं. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये पैशाच्या धोरणाबद्दल एक निरीक्षण मांडलं. एखाद्या आकड्यावर धोरण बांधलं, की तो आकडा आधी जे दाखवत होता ते दाखवेनासा होतो. इथे तेच घडतंय.

माझं मत असं. या दोन्ही वह्या प्रामाणिक आहेत. कुंपणात कोंडलेली हरणं त्या घेत नाहीत, मापं पुन्हा तपासतात. दोष वाचणाऱ्याचा आहे, तो वहीला जनगणना समजतो. पण वहीचंही एक देणं लागतं. प्रत्येक नोंदीपुढे तीन रकाने वाढवावेत. दात तपासून काढलेलं हरणाचं वय, त्या हंगामात शिकाऱ्याने रानात घालवलेले दिवस, आणि त्याने नेम असूनही सोडून दिलेले नर. तिसरा रकाना पडताळता येणार नाही, मान्य. पण धनुर्धारी स्वतःच्या परंपरेत ज्याला शील म्हणतात, ते राहतं त्याच रकान्यात, आणि आज वहीत त्याला जागा नाही.

त्या विद्यार्थ्याला माझं उत्तर इतकंच. नोंदी वाढल्या यावरून तुमच्याकडचे शिकारी थांबायला शिकले, हे बऱ्यापैकी सांगता येतं. जंगल सुधारलं का, हे विचारायला जंगलात जावं लागेल. कोवळी रोपं हरणं खाऊन टाकताहेत का, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडलेला हरणांना झिजवणारा रोग, म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, किती पसरला, हे बघावं लागेल. ते या वहीत लिहिलेलं नाही.

आता प्रश्न घेऊ.