शिपायाचें पत्र आणि विधवेचा अर्ज

अमेरिकेंतील १८६१–६५ च्या यादवी युद्धाचे इतिहास बहुधा सेनापतींचेच. बेल अर्विन वायली यांनीं मात्र १९४३ सालीं ‘द लाइफ ऑफ जॉनी रेब’ ह्या ग्रंथांत दक्षिणेचा, व १९५२ सालीं दुसऱ्या ग्रंथांत उत्तरेचा सामान्य शिपाई पुढें आणला. घरीं धाडलेल्या पत्रांवरून त्याचें जेवण, दुखणें, करमणूक, भीति हीं त्यांनीं दाखविलीं. हा उपकार मोठा आहे. परंतु अनेकांच्या पत्रांचे तुकडे जोडून उभा केलेला शिपाई कोणाचाच मुलगा राहत नाहीं, ही आमची तक्रार. शिवाय ज्याला लिहितांच येत नव्हतें त्याचें काय? उत्तरेच्या सैन्यांत सुमारें १,७९,००० कृष्णवर्णी शिपाई होते. त्यांतले बहुतेक गुलामगिरींतून सुटलेले, निरक्षर. त्यांचा माग वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांतील पेन्शनच्या कागदांत लागतो. गुलामांच्या विवाहास कायद्याची मान्यता नव्हती. म्हणून विधवेला आपलें लग्न शाबीत करण्यास जुने सोबती साक्षीला आणावे लागत. धनी कोण होता, लग्न कोठें लागलें, मुलें किती झालीं, हें सारें त्या जबान्यांत येतें. पैशासाठीं दिलेली जबानी थोडी सजविलेली असेल, हें खरें. पण आईला लिहितांना तरी कोणता शिपाई आपला ताप पुरता कळवितो?