ताजियतीची भाषा

दुःखात बुडालेल्या माणसाशी काय बोलावे, हा प्रश्न साहित्याचाही आहे. ताजियतीला गेलेला माणूस बहुधा दोनच वाक्ये बोलतो: 'अल्लाहची मर्जी' आणि 'सब्र करा'. दोन्ही खरी आहेत. पण घाईने उच्चारली, की समोरच्याचे बोलणे तिथेच थांबते. आपल्या मुस्लिम मराठी लेखनातील शोककविता आणि श्रद्धांजलीपर लेख वाचताना आम्हाला हीच घाई जाणवते. गेलेला माणूस पहिल्या परिच्छेदात सद्गुणांचा पुतळा होतो आणि दुसऱ्यात जन्नतनशीन. तो कसा हसायचा, कशावर चिडायचा, घरात कुठे बसायचा, हे मात्र येत नाही.

मोठ्याने शोक करणे आपल्याला मना आहे, असे यावर कोणी म्हणेल. मनाई आहे ती गाल बडवून घेण्याला, कपडे फाडण्याला. पैगंबर साहेबांचा (स.) तान्हा मुलगा इब्राहीम गेला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि त्यांनी त्या लपवल्या नाहीत. मुअताच्या लढाईत (इ. स. 629) हजरत जाफर शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करून पाठवा, असे त्यांनी सांगितले. सब्राचा अर्थ मौन असा आपण केव्हापासून लावू लागलो?

उर्दू मर्सियाने तो तसा लावला नाही. मीर अनीस (मृत्यू 1874) यांच्या मर्सियात करबलाच्या स्त्रिया लखनौच्या घरंदाज स्त्रियांसारख्या बोलतात, वागतात. इतिहासाच्या दृष्टीने हा दोष ठरेल. पण त्यामुळेच ऐकणाऱ्याला ते दुःख आपल्या घरातले वाटले. मराठीतही हे घडले आहे. ज्ञानेश्वरांच्या समाधीवरच्या (1296) नामदेवांच्या अभंगांत थोरले भाऊ आणि गुरू असलेले निवृत्तिनाथ व्याकूळ होतात. ज्ञानी माणसाचे रडणे नामदेवांनी झाकले नाही. सानेगुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात श्याम 42 रात्री आईविषयी बोलतो आणि आश्रमातले सोबती ऐकतात. सांगणाऱ्याइतकेच हे पुस्तक त्या ऐकणाऱ्यांचे आहे, असे आम्हाला वाटते.

आता आपल्या जुन्नरच्या शेजारी पाहू. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. 151 माणसे गेली. त्यांत बहुतेक महादेव कोळी समाजाची. गाव जागेवर नाही, ही खबर एसटीच्या चालकाने बाहेर पोचवली. मग रकानेच्या रकाने भरले: मृतांचे आकडे, ढिगारा, पुढाऱ्यांच्या भेटी, मदतीच्या रकमा. 2017 साली नव्या जागी घरे मिळाली. या घटनेवरच्या ज्या कविता आमच्या वाचनात आल्या, त्यांपैकी बहुतेकींत निसर्गाचा कोप होता, काळाचा घाला होता, माणूस नव्हता. ज्याचे सगळे घर गेले, त्याने त्या ओळींत आपले माणूस कुठे शोधावे? भाताच्या खाचरात रोपे लावणारे हात कोणाचे होते, हे लिहिले असते तर त्याला निदान बोलायला जागा मिळाली असती.

हा दोष इतरांवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. 2020 आणि 2021 च्या साथीत आपल्या कित्येक घरांना शेवटचा दीदार झाला नाही. जनाज्याला मोजकी माणसे, ताजियत फोनवर. ती माणसे दफन झाली. त्यांच्याविषयीचे बोलणे घरातच अडून राहिले. सोलापूरला 1990 साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण आपल्या ओळखीविषयी आणि आपल्यावरच्या अन्यायाविषयी पुष्कळ लिहिले. ते आवश्यकच होते. पण घरातल्या मृत्यूविषयी आपण अजून खुतब्याच्या भाषेत लिहितो. अम्मीच्या, खालाच्या, शेजारच्या मावशीच्या भाषेत लिहीत नाही.

शोकपर लेखनाला आम्ही यापुढे तीन प्रश्न विचारू. गेलेल्या माणसाचे नाव आणि रूप त्यात उरले आहे का? मागे राहिलेल्याला बोलू दिले आहे का? आणि वाचून झाल्यावर त्या घरी जेवणाचा डबा घेऊन जावे, असे कोणाला वाटेल का? दुआ आपण करतोच. ती करण्याआधी थोडा वेळ त्या माणसाजवळ बसून ऐकावे, एवढीच लेखकांकडून अपेक्षा आहे.