मालकाचं फावडं, आपलं हसू

सिनेमा जुना आहे. १९६३ सालचा. नाव ‘मॅक्लिंटॉक!’. जॉन वेन त्यात बडा जमीनदार आहे. एवढ्या गुराढोरांचा धनी की गावालाच त्याचं नाव पडलंय. त्याची बायको कॅथरीन दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली, आता फारकत मागायला परत आलीय. ते काम मॉरीन ओ’हाराचं. पिंगळीत सुट्टीच्या दिवशी आम्ही मिलमधले पाच-सहा जण एका मोबाईलभोवती बसून हा सिनेमा पाहिला. भाषा अर्धीमुर्धी कळली. मार मात्र पुरा कळला.

शेवटी हा मालक बायकोच्या मागं भर गावातून धावतो. तिच्या अंगावर आतले कपडे तेवढे. गाव मागोमाग. मग तिला मांडीवर आडवी घेऊन तो कोळशाच्या फावड्यानं बदडतो. गाव खूश. आमच्यातलेही खदखदून हसले. मीही हसलो. ह्या लेखाचं कारण ते हसूच आहे.

जाणकार सांगतील की ही शेक्सपियरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ची सैलसर नक्कल आहे. बरोबर आहे. तेच नाटक वा. बा. केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मराठीत आणलं आणि नाव ठेवलं ‘त्राटिका’. त्राटिका म्हंजी रामानं मारलेली राक्षसीण. पडदा वर जायच्या आधीच बाईचा निकाल लागलेला! विलायतेचा नवरा, आपला नवरा, अमेरिकेचा नवरा, तिघांचं एकमत.

ओ’हाराचं काम जबर आहे. ती वेनला पुरून उरते, म्हणून तर तिला शेवटी गावासमोर पाडावं लागतं. मार देऊन झाला की तो म्हणतो, घे तुझी फारकत. आणि ती त्याच्याच गाडीमागं पळत सुटते. मारातून प्रेम उगवतं हे गणित कुणाच्या फायद्याचं, ते सांगायला नको.

पण मला जास्त खुपला तो डेव्हलिन. गरीब पोरगा. सरकार जमीन देतंय म्हणून आलेल्या घरातला. मालकाकडं काम मागताना त्याची मान खाली जाते, आणि त्या लाजेपायी तो मालकावरच हात उगारतो. हा प्रसंग खरा आहे. गेटावर उभं राहून ज्यानं काम मागितलंय, त्याला तो कळंल. पुढं मालकाच्या पोरीशी त्याचं वाजतं, तव्हा तिला चोपायला फावडं त्याच्या हातात कोण देतं? तिचा बाप! मी मिलमध्ये बॉयलरच्या तोंडाशी फावडं चालवतो. मजुरीचा हिशोब राहिला बाजूला. मालकासारखं होण्याचा पहिला धडा मजुराला मिळतो तो बाईला मारायचा. आन् आपण खूश.

ह्या सिनेमात कोमांचे आदिवासींची कैफियत निदान ऐकू येते. मालक त्यांचा प्रमुख पुमाच्या वतीनं बोलतो. कॅथरीनच्या वतीनं बोलायला कुणीच नाही.

हे गोऱ्यांचं, हे सवर्णांचं म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती बायांच्या प्रगतीवरून मोजली. बायकोनं नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीनं उभं राहावं असं बजावलं. बेबी कांबळेंनी ‘जिणं आमुचं’मध्ये आपल्याच घरांतली मारहाण लपवली नाही. आपण मात्र पुतळ्याला हार घालून घरी येतो, आन् घरात मॅक्लिंटॉक होतो.

लहानपणी वस्तीत कुणी बायकोला मारायला लागला की आम्ही पोरं बघायला पळायचो. मोठी माणसं हसायची म्हणून आम्हीही हसायचो. एकदा गर्दीत घुसून पुढं गेलो, तर खाली माझी आई होती. तव्हा हसू आलं नाही. मोबाईलवर आलं. मधी पडदा असला की आई दिसत नाही, एवढंच.

सिनेमा जरूर बघा. पण फावडं वर गेलं की जरा शेजारच्याच्या तोंडाकडं बघा. मग स्वतःच्या गालाला हात लावून बघा, तो कशानं वर गेलाय.