कोणी लिहिले आणि काय लिहिले : विकिपीडियावरील कळसूत्री खात्यांच्या तपासाविषयी

विकिपीडियावर एक विभाग असा आहे की ज्याची पाने सामान्य वाचक सहसा उघडत नाही. एकाच माणसाने अनेक नावांनी खाती उघडून लबाडी चालवली आहे अशी शंका आली की तेथे प्रकरण दाखल होते. इंग्रजीत अशा खात्याला 'सॉकपपेट', म्हणजे मोज्यात हात घालून नाचवायची बाहुली, असे म्हणतात. मी 'कळसूत्री खाते' म्हणतो. इंग्रजी विकिपीडियावरची अशी बरीच प्रकरणे मी ओळीने वाचली. फिर्याद, पुरावा, तपासनिसाचा शेरा, तडीपारी, असा त्यांचा ठरलेला साचा आहे आणि भाषा पोलिसी रोजनाम्याइतकी रुक्ष. तरीही या ज्ञानकोशाची नीती त्याच्याविषयीच्या गौरवलेखांपेक्षा या पानांत अधिक उघड दिसते, असे माझे मत झाले आहे.

दोन नावे घेणे हा मुळात गुन्हा नव्हे. गडकऱ्यांनी कविता गोविंदाग्रज म्हणून लिहिल्या, विनोद बाळकराम म्हणून, आणि त्यात कोणाला फसवणूक दिसली नाही. विकिपीडियाही रास्त कारणासाठी दुसरे खाते चालवू देतो. गुन्हा घडतो तो गोविंदाग्रजांच्या बाजूने बाळकराम मत देऊ लागला की. जेथे निर्णय चर्चेने आणि सहमतीने होतात, तेथे एकाने पाच तोंडांनी बोलणे म्हणजे सहमतीच खोटी करणे होय.

तपासाची साधने दोन. पहिले तांत्रिक : मोजक्या विश्वासू सदस्यांना संपादनामागचा आयपी पत्ता आणि ब्राउझरची माहिती पाहता येते. ती साधारण ९० दिवसच जपली जाते. त्यानंतर जुना आरोपी परतला तर तुलनेला काही उरत नाही. शिवाय मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे पत्ता जुळला म्हणून माणूस जुळतोच असे नाही. दुसरे साधन वर्तनाचे : तीच शुद्धलेखनाची चूक, तोच विषय, संपादनाच्या सारांशात तोच तिरकस सूर. याला तेथे 'बदक चाचणी' म्हणतात. बदकासारखे चालते, बदकासारखे ओरडते, तर ते बदकच.

माझा आक्षेप या दुसऱ्या साधनाच्या वापरावर आहे. एका गावचे, एका शिक्षकाकडे शिकलेले किंवा एकाच मताचे दोन लोक सारख्याच चुका करतात. एखादा वाद तापला की एकाच बाजूची नवी माणसे एकदम येतात. त्यांतली काही बाहुल्या असतात, काही खरोखरच तावातावाने आलेली असतात. सोलोरिओ आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये चर्चापानांवरच्या लेखनशैलीवरून हीच पारख संगणकाकडून करून पाहिली. ७७ प्रकरणांत यश मिळाले सुमारे ६९ टक्के. आरंभीचा प्रयोग म्हणून ते ठीक. पण एवढ्या भरवशावर कोणाला तडीपार करावे असे मी म्हणणार नाही. त्यात आरोपीला काही वेळा पुरावा दाखवतच नाहीत, कारण दाखवला तर पुढच्या वेळी तो सावध होईल. युक्तिवाद खोटा नाही. पण जो खरोखर नवखा आहे त्याने आपण बदक नसल्याचे सिद्ध कसे करायचे?

यंत्रणा निकामी आहे असे मात्र कोणी समजू नये. २०१५ च्या ऑगस्टअखेर 'ऑरेंजमूडी' नावाने ओळखले जाणारे प्रकरण जाहीर झाले, तेव्हा ३८१ खाती बंद करण्यात आली आणि २१० लेख काढून टाकण्यात आले. ज्यांच्यावरचे मसुदे नाकारले गेले होते अशा लहान व्यावसायिकांना आणि कलाकारांना गाठायचे, पैसे घेऊन लेख लावून द्यायचा, आणि पुढे तो शाबूत ठेवण्यासाठी महिन्याला रक्कम मागायची, असा धंदा होता. आपल्याकडे याला हप्ता म्हणतात. एवढे जाळे स्वयंसेवकांनी फावल्या वेळात उकलले, हे वाचताना मला आदरच वाटला.

पण चिनी विकिपीडियावरचे प्रकरण याच्या शेजारी ठेवून पाहा. 'झेमाओ' या नावाने लिहिणाऱ्या व्यक्तीने दहा-एक वर्षांत मध्ययुगीन रशियाच्या इतिहासावर दोनशेहून अधिक लेख रचले. काशिनच्या चांदीच्या खाणीवर तर सविस्तर लेख होता. ती खाण कधी नव्हतीच. पाठिंब्याला किमान चार कळसूत्री खाती होती, रशियन संदर्भग्रंथांच्या तळटीपा होत्या, आणि काही लेखांचे कौतुकही झाले होते. २०२२ मध्ये हे उघड झाले ते तपासनिसांमुळे नव्हे. यिफान या चिनी कादंबरीकाराने कुतूहलापोटी खाणीचे संदर्भ शोधायला घेतले आणि ते सापडेनात. खाती कोणाची, हा प्रश्न त्यानंतरचा.

येथे मला या सगळ्या पद्धतीतली खरी उणीव दिसते. तपास 'कोणी लिहिले' यावर इतका खर्ची पडतो की 'काय लिहिले' याची पडताळणी मागे राहते. शांत, सभ्य, तळटीपा देणारी बाहुली कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. २००४ च्या सुमारास लेखांच्या शीर्षकांपुढे 'ऑन व्हील्स' जोडत सुटलेला उपद्रवी मात्र तेथल्या दंतकथेत जमा झाला. जुन्या उपद्रव्यांच्या सवयींची नोंद ठेवणारी पानेही आहेत. त्यांना प्रसिद्धीच मिळते म्हणून ती नसावीत असे म्हणणारा पक्षही तेथे आहे, आणि माझा कल त्या पक्षाकडे आहे.

क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट याहून वाईट. तेथे सुमारे दशकभर प्रचालकांच्याच एका गटाने दुसऱ्या महायुद्धातल्या फॅसिस्ट राजवटीचे पाप सौम्य करून मांडले. यासेनोवात्सच्या मृत्युछावणीलाही सौम्य शब्द शोधले. विरोधकांना बाहेर काढले, आणि आपले पारडे जड करायला कळसूत्री खाती वापरली. २०१३ मध्ये तेथल्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना हा विकिपीडिया वापरू नका असे सांगितले. विकिमीडिया फाउंडेशनचा अहवाल आला २०२१ मध्ये. मधली आठ वर्षे त्या पानांवरून मुले इतिहास वाचत होती. ज्यांच्या हाती तडीपारीचे हत्यार, तेच आरोपी असतील तर फिर्याद कोणाकडे न्यायची, याचे उत्तर प्रकल्पाच्या आत नव्हते.

मराठीसाठी हा प्रश्न परका नाही. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, पण त्याचा भार नियमित लिहिणाऱ्या थोड्या लोकांवर आहे. या आकाराच्या बहुतेक विकिपीडियांवर स्वतःचे तपासनीस नसतात. आयपीची तपासणी हवी तर जागतिक पातळीवरच्या कारभाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, आणि त्यांना मराठी येत असेल असे नाही. शब्दांची लकब, जातीपातीचा छुपा सूर, शिवकालावरच्या लेखात हळूच बदललेले एखादे साल हे त्यांना दिसणार नाही. ते दिसेल इतिहासाच्या विद्यार्थ्याला, पण त्याने तळटीपेतला ग्रंथ कपाटातून काढून ते पान उघडले तरच. आपल्या महाविद्यालयांत विकिपीडियावर लेख लिहून घेण्याच्या कार्यशाळा होतात. आधी लिहिलेल्या लेखांचे संदर्भ तपासण्याची कार्यशाळा भरलेली मला अजून पाहायला मिळालेली नाही.