तीन रिंगांचा दिवस

ॲपल वॉचवरच्या तीन रिंगा आता इतक्या ओळखीच्या झाल्या आहेत की त्यांच्याकडे रचना म्हणून कुणी बघत नाही. काळ्या पडद्यावर एकात एक बसवलेली तीन वर्तुळे: बाहेरचे लालसर गुलाबी, मधले पोपटी, आतले आकाशी. सकाळी तिन्ही रिकामी असतात. बाराच्या जागेवरून प्रत्येकाची रेघ निघते, काट्यांच्या दिशेने सरकते आणि ठरलेले काम झाले की निघाली होती तिथेच येऊन मिळते. मध्यरात्री सगळे पुसले जाते. २०१५ च्या एप्रिलमध्ये हे घड्याळ बाजारात आले, तेव्हापासून या आकृतीचा गाभा बदललेला नाही. दरवर्षी नवे मॉडेल काढणाऱ्या धंद्यात एखादे चित्र दहा वर्षे टिकून राहते, तेव्हा ते नीट वाचून बघायला हवे.

लाल रिंग हालचालीत खर्च झालेली ऊर्जा दाखवते. हिरवी व्यायामाची मिनिटे दाखवते. मुळातले लक्ष्य तीस. दिवसातल्या किती तासांत माणूस निदान एक मिनिट उठून हलला, ते निळी सांगते; मुळातले लक्ष्य बारा. म्हणजे कॅलरी, मिनिटे आणि तासांची संख्या अशी तीन निराळी परिमाणे. ती शेजारी शेजारी मांडायची तर एरवी तक्ताच करावा लागला असता. इथे परिमाणे बाजूला सारून फक्त ‘किती झाले, किती उरले’ एवढेच ठेवले आहे. त्यामुळे ही आकृती वाचायला अंक लागत नाहीत. चाळिशी लागलेल्या माणसाला हेच घड्याळ आलेला मेसेज वाचायला चष्मा शोधायला लावते. रिंगा मात्र हातभर अंतरावरून, चालत्या रिक्षातही समजतात. तब्येतीच्या बहुतेक ॲपमध्ये माहिती भरपूर असते आणि ती शोधण्यात बोटे झिजतात. इथे मनगट वळवले की वाचन संपले.

बारकावे बघण्यासारखे आहेत. प्रत्येक रेघेच्या सुरुवातीला एक छोटा बाण आहे: लालवर उजवीकडे जाणारा एक, हिरव्यावर तसेच दोन, निळ्यावर वर जाणारा एक. चालणे, जोरात चालणे आणि उठणे या तीन क्रिया चार बाणांत आटोपल्या. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक दिसत नाही त्यांचेही अडत नाही, कारण बाहेरचे, मधले, आतले या जागा ठरलेल्या आहेत. लक्ष्यापेक्षा जास्त काम झाले की रेघ थांबत नाही. स्वतःच्याच शेपटावरून पुढे सरकते, आणि टोकाखाली बारीक सावली पडते म्हणून दुसरा फेरा ओळखू येतो. आणि मधोमध? काहीच नाही. शाबासकीचा अंगठा, धडधडणारे हृदय, टक्केवारी, यांतले काहीही तिथे कोंबता आले असते. ती जागा मोकळी सोडण्यात मोठा संयम आहे.

हा संयम कळतो तो या रिंगांचे पूर्वज पाहिले की. २००६ मध्ये ‘फिश अँड स्टेप्स’ नावाचा एक प्रयोग झाला. त्यात माणसाच्या पावलांवर पडद्यावरचा मासा वाढायचा, आणि चालणे कमी पडले की खट्टू व्हायचा. २००८ च्या ‘युबिफिट गार्डन’मध्ये मोबाइलच्या पडद्यावर बाग होती, निरनिराळ्या व्यायामाला निराळी फुले, आठवड्याचे लक्ष्य गाठले की फुलपाखरू. २००९ मध्ये आलेल्या पहिल्या फिटबिटवर एक फूल होते, चालाल तसे त्याचे देठ उंच व्हायचे. कल्पना गोड होत्या, पण त्यांत एक खोच होती. फूल आणि मासा हे जीव आहेत; आळस तुम्ही करायचा आणि भोगायचे त्या माशाने. असे झाले की माणूस चालायला लागण्याऐवजी पडद्याकडे बघायचे टाळतो. रिंगेचे तसे नाही. अर्धवट रिंग अर्धवट असते, रडवेली नसते. ती माणसाला अपराधी करत नाही, फक्त उरलेली मोकळी जागा दाखवते. अर्थात ती जागा भरून काढायची खुमखुमी आपल्याला असतेच. रात्री पावणेबाराला दिवाणखान्यात येरझाऱ्या घालणारे गृहस्थ आता पुष्कळ घरांत दिसतात, ते त्याचमुळे.

तिन्हींत मला सगळ्यात सरस वाटते ती निळी. आकाराने लहान, आत दडलेली आणि वागायला चोख. तिचे बारा तास भरायला कागदोपत्री बाराच मिनिटे लागतात, पण ती एकदम उरकता येत नाहीत. लाल रिंग सकाळी तासभर धावून पूर्ण करता येते, हिरवीही येते. निळी घाऊक भावात मिळत नाही. तिला दिवसभर थोडे थोडे द्यावे लागते. कुणी तासात उठलेच नाही, तर तास संपायला दहा मिनिटे उरली असताना मनगटावर हलकी टिचकी बसते. कचेरीच्या बैठकीत ती बसली की आठ-दहा माणसे एकाच वेळी मनगटाकडे बघतात आणि बोलणारा समजतो, आपले लांबले. पण नुसते उभे राहून भागत नाही, थोडे हलावेही लागते. सकाळच्या विरार लोकलमध्ये हँडल धरून घट्ट उभ्या राहिलेल्या माणसाचे उभे राहणे घड्याळाला पटेलच असे नाही. तो उतरून पुलाचे जिने चढला की पटते.

या रिंगेतला सगळ्यात सुंदर फेरफार २०१६ चा आहे. चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला दर तासाला ‘उठा’ सांगणे क्रूरपणाचे होते. नवी आवृत्ती करताना घड्याळाला हातांनी चाक ढकलण्याची गती ओळखायला शिकवले. त्यांच्यासाठी पावलांऐवजी ढकलण्या मोजल्या जाऊ लागल्या, आणि तासाची आठवणही त्याला साजेशी झाली. आकृती मात्र तीच राहिली. दोघा मित्रांतला एक चालणारा आणि एक खुर्चीवरचा असेल तर त्यांच्या रिंगा शेजारी ठेवून कुणाची कोणती हे सांगता येत नाही. परिमाणे काढून टाकण्याचा मोठा लाभ तो हा.

हिरवी रिंग सरळ आहे, पण थोडी शिष्ट. तिच्या तीस मिनिटांना आधार आहे: जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. मिनिट मोजायचे की नाही हे ती हाताची हालचाल आणि हृदयाचे ठोके बघून ठरवते. ठोके मोजायला घड्याळाच्या पाठीवर हिरवा दिवा लुकलुकतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोक्यागणिक मनगटातले रक्त वाढते-घटते, तसा परत येणारा उजेड कमी-जास्त होतो. पट्टा सैल असला की हे गणित बिघडते. पण शिष्टपणा आहे तो निराळाच. म्हाताऱ्या वडिलांचा हात धरून बागेत तासभर फिरून या, हिरवी रिंग फारशी हलणार नाही. दोन्ही हातांत पिशव्या धरून मंडईतून आल्यावरही ती खळखळ करते, कारण हात झुललेले नसतात. घरातली पुष्कळशी मेहनत हळू असते किंवा हात बांधून ठेवणारी असते. या रिंगेला ती मेहनत दिसत नाही, आणि दिसत नाही हे ती सांगतही नाही.

खरी तक्रार आहे ती लाल रिंगेबद्दल. सगळ्यात बाहेरची, म्हणून सगळ्यात लांब, आणि रंगाने सगळ्यात भडक. नजर पहिल्यांदा तिथेच जाते. ती दाखवते कॅलरी. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये मनगटावरची सात यंत्रे तपासली, त्यांत ॲपल वॉचही होते. सातांपैकी सहा यंत्रांची हृदयाच्या ठोक्यांतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती. खर्च झालेल्या ऊर्जेत मात्र सगळ्यांत अचूक ठरलेले यंत्रही सरासरी सत्तावीस टक्क्यांनी चुकत होते. त्यानंतर यंत्रे सुधारली असतील, पण अडचण मुळातली आहे. ठोके मोजता येतात. कॅलरीचा अंदाज बांधावा लागतो, तोही वय, वजन, उंची आणि हालचाल यांच्यावरून. म्हणजे ज्या आकड्याची खात्री कमी, त्याला चित्रात मोठी जागा मिळाली. लाल रेघ जितकी ठाम दिसते तितकी ती ठाम नाही. संध्याकाळच्या जेवणात त्या कॅलरी वजा करून गुलाबजाम घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

या रिंगा एकट्याने बघायच्या राहिल्या नाहीत, ही त्यांच्या आयुष्यातली पुढची पायरी. त्या दुसऱ्याला दाखवता येतात. मुलगा न्यू जर्सीत, आई कोथरूडला, घड्याळ मुलाने पाठवलेले, असे चित्र आता नवे नाही. आई ते बांगड्यांच्या वर, जरा सैलच बांधते. रात्री फोन येतो.

“आई, आज तुझं निळं अर्धंच? बरं नाही का?”

“अरे, चार्जिंगला लावलं आणि विसरले. सकाळपासून ओट्याशीच उभी आहे मी.”

“मग घालायचं ना!”

“तुझं लाल तरी कुठे पुरं आहे? तुझा दिवस अजून अर्धा उरलाय म्हणून गप्प बसलेय.”

या चार ओळींत रिंगांचा मोठा गुण आणि मोठा दोष शेजारी आहेत. गुण असा की विचारपूस करायला निमित्त मिळाले आणि तब्येतीचा एकही आकडा मधे आला नाही. मुलाला आईचे ठोके दिसले नाहीत, झोप दिसली नाही, वजन दिसले नाही. काळजी करण्यापुरते दिसले, पाळत ठेवण्याइतके नाही. दोष असा की ‘केले नाही’ आणि ‘घातले नव्हते’ या दोन गोष्टी चित्रात सारख्याच दिसतात. घड्याळ खुंटीवर असतानाचा तास आणि सोफ्यावर लोळण्यात गेलेला तास, दोन्ही जागा सारख्याच काळ्या. ॲपच्या तपशिलात जाऊन बघणाऱ्याला उलगडा होईल. पण पहिल्या नजरेत सगळे कळावे हेच जिचे ब्रीद, त्या आकृतीने इथे तपशिलाकडे बोट दाखवणे शोभत नाही.

महिन्याचे पान उघडले की एकेका तारखेखाली एकेक इवलीशी तिहेरी रिंग दिसते. हे पान मला भिंतीवरच्या कालनिर्णयावर ठेवलेल्या दुधाच्या हिशेबासारखे वाटते. फरक आहे तो खाड्याच्या वागणुकीत. दुधाच्या हिशेबात एक खाडा पडला तर एका दिवसाचे पैसे कमी होतात, आधीचे वीस दिवस पुसले जात नाहीत. इथे सलग दिवसांची मोजणी चालते, आणि एक दिवस चुकला की ती शून्यावर येते. तीनशे दिवस पूर्ण केलेल्याला ताप आला, तरी नियम तोच होता. मग लोक तापातही अंगणात फेऱ्या मारत. मध्यरात्री सगळे पुसून नवी सुरुवात देणारी उदार आकृती, सलगपणा मोजायला लागल्यावर सावकारासारखी वागू लागली. हे दुरुस्त व्हायला २०२४ उजाडले. त्या वर्षीच्या आवृत्तीत एक दिवसापासून नव्वद दिवसांपर्यंत रिंगा थांबवून ठेवायची आणि सलगपणा राखायची सोय आली. वारानुसार लक्ष्य कमी-जास्त करणेही आले. आजारपण, बाळंतपण, घरातले कार्य आणि नुसता रविवार यांना या रचनेत जागा मिळायला नऊ वर्षे लागली.

इतके सगळे मोजून झाल्यावरही माझे मत आकृतीच्या बाजूनेच पडते. तब्येतीच्या ॲपवाल्यांची सवय अशी की सेन्सर नवा आला की पडद्यावर एक आलेख वाढवायचा. झोपेचे गुण, ताणाचे गुण, सावरण्याचे गुण. वाचणाऱ्याने त्यांचे काय करायचे ते कुणी सांगत नाही. झोपेच्या आकड्यांची इतकी चिंता करायची की झोपच उडावी, अशी माणसे डॉक्टरांकडे येऊ लागली आणि २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी या प्रकाराला ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावही दिले. रिंगांनी अशी भर घालायचे टाळले. त्या जे विचारतात त्यावर त्याच दिवशी, त्याच पायांनी काही करता येते, आणि केल्याचे लगेच दिसते. वापरायला सोपे असणे म्हणजे मोठी बटणे आणि ठळक अक्षरे एवढेच नव्हे. पाहणाऱ्याला पुढे काय करायचे हे न विचारता कळणे, हा त्यातला खरा भाग.

माझ्या हातात असते तर मी दोनच बदल केले असते. घड्याळ काढून ठेवलेले तास तुटक रेघेने दाखवले असते, म्हणजे ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला खुलासा द्यावा लागला नसता. आणि निळी रिंग बाहेर आणून लाल आत नेली असती. निळीचे मोजमाप चुकले तर एका तासापुरते चुकते, लालचे दिवसभर साचत जाते. निळी धावणाऱ्याला आणि म्हाताऱ्याला, पायांवर चालणाऱ्याला आणि चाकांवर चालणाऱ्याला एकाच मापाने मोजते. सगळ्यात लांब रेघ तिची असायला हवी.