बे, बी, बाय, बो

पहिल्या धड्यात वाचायला काहीच नाही. दोन-दोन अक्षरांच्या जोड्या आडव्या ओळींत मांडल्या आहेत, एवढंच. म्हणायच्या त्या अशा: बे, बी, बाय, बो, ब्यू, बाय. मास्तर पुढे, पोरं मागे, सगळी एका सुरात. मराठी वाचकाला इथे हसू येतं, कारण ही तर सरळसरळ बाराखडी. पण पुढच्याच ओळीत पाय अडकतो: के, सी, साय, को, क्यू, साय. आपल्या ‘क’च्या ओळीत ‘स’ कधी घुसत नाही. इंग्रजीत तो घुसतो, आणि चिमुरड्या पोराला त्यात वावगं वाटायच्या आत चाल त्याला पुढे ओढून नेते. भाषेतला घोळ तालावर गिळायला लावायचा, ही या पुस्तकाची पहिली करामत.

पुस्तक नोआ वेबस्टरचं. वेबस्टर म्हटलं की आपल्याला शब्दकोश आठवतो. पण तो आला 1828 साली, वेबस्टरच्या सत्तरीत. त्याआधी कित्येक वर्षं त्याच्या घरची चूल पेटत होती ती या स्पेलिंगच्या पुस्तकावर. कनेटिकटमधल्या शेतकऱ्याचा हा मुलगा येलमधून पदवी घेऊन बाहेर पडला. 1782 मध्ये तो न्यू यॉर्क राज्यातल्या गोशेन गावी शाळा चालवत होता. तिथेच हे पुस्तक आकाराला आलं आणि 1783 मध्ये हार्टफर्डला छापून निघालं, म्हणजे इंग्लंडशी तह होऊन अमेरिका रीतसर मोकळी झाली त्याच वर्षी. पहिलं नाव भलतंच लांबलचक होतं, ते पुढे ‘अमेरिकन स्पेलिंग बुक’ झालं. पोरांनी मात्र त्याला ओळखलं ते निळ्या कव्हरावरून.

तोवर तिथल्या शाळांत चालायचं ते टॉमस डिलवर्थ या इंग्रज मास्तरचं, 1740 मधलं पुस्तक. मॅसॅच्युसेट्सने 1647 सालीच कायदा केला होता की पन्नास घरांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवायचा आणि शंभर घरांच्या गावाने ग्रामर स्कूल काढायचं. त्या ग्रामर स्कूलमधलं ‘ग्रामर’ होतं लॅटिनचं. इंग्रजी ही तळच्या वर्गाची, अक्षरओळखीपुरती बाब. त्यामुळे इंग्रजी शिकवणं म्हणजे स्पेलिंग शिकवणं, हे समीकरण वेबस्टरच्या आधीपासून पक्कं होतं. त्याने हात घातला तो शब्दाच्या फोडीला.

फोड हा या पुस्तकाचा खरा विषय, आणि रसही तिथेच आहे. ‘हॅबिट’ हा शब्द घ्या. डिलवर्थच्या जुन्या रीतीने त्याचे दोन तुकडे पडतात: एच-ए आणि बी-आय-टी. आता ज्या पोराने पहिल्या पानावर बी-ए म्हणजे ‘बे’ घोकलंय, ते एच-ए म्हणजे ‘हे’च म्हणणार आणि शब्दाचं ‘हे-बिट’ करणार. वेबस्टरने ‘बी’ उचलून पहिल्या तुकड्यात टाकला: एच-ए-बी, आय-टी. हॅब-इट. एक अक्षर इकडचं तिकडे केलं आणि पोराचा उच्चार जागेवर आला. हे वाचताना मला सुताराची आठवण होते. लाकूड तेच असतं, सांधा कुठे घ्यायचा एवढंच त्याला कळलेलं असतं.

‘नेशन’चंही तसंच. जुन्या पद्धतीत शेवटच्या चार अक्षरांचे ‘टी-आय’ आणि ‘ओ-एन’ असे दोन तुकडे व्हायचे. कुणी म्हणत नाही असा एक अवयव पोरं उगीच घोकत बसायची. वेबस्टरने चारही अक्षरं एकत्र बांधली: एन-ए, ने, टी-आय-ओ-एन, शन, नेशन. लोक बोलतात तसं फोडायचं, इंग्लंडातल्या पंडितांनी ठरवलं तसं नव्हे. नवं राष्ट्र उभारायच्या त्याच्या घोषणा बऱ्याच आहेत, पण मला त्याचा देशाभिमान या फोडीत जास्त खरा वाटतो. गावांच्या यादीत त्याने इंग्लंडची नावं काढून अमेरिकेतली घातली, ती युक्ती त्यामानाने सोपी होती.

सगळंच त्याचं स्वतःचं होतं असंही नाही. वाचनाचा पहिला धडा तीन अक्षरांपर्यंतच्या शब्दांत देवाच्या आज्ञेविषयी बोलतो, आणि तो डिलवर्थकडूनच आलेला आहे. वर्तमानपत्रांतून ‘डिलवर्थचं भूत’ या टोपणनावाने कुणीतरी वेबस्टरच्या मागे लागलं, ते अगदी विनाकारण नव्हतं.

पुढच्या आवृत्त्यांत काही बोधकथाही आहेत. त्यातली सफरचंदाच्या झाडाची गोष्ट मला आवडते. पोर झाडावर चढून फळं चोरतंय. म्हातारा आधी नीट शब्दांत सांगतो, पोर ऐकत नाही. मग तो गवताची ढेकळं फेकतो, पोर हसतं. शेवटी दगड उचलतो, तेव्हा कुठे पोर खाली उतरून माफी मागतं. पानंच्या पानं शब्दांच्या याद्या देणाऱ्या माणसाने शब्द कमी पडतात अशी गोष्ट निवडावी, याची मला मोठी गंमत वाटते. बहुधा त्याच्यातला मास्तर बोलला असावा.

पण या घोकंपट्टीत अर्थ कुठे होता? मॅसॅच्युसेट्सच्या शिक्षण मंडळाचे सचिव होरेस मॅन यांनी 1838 च्या अहवालात लिहिलं की वाचनाच्या वर्गातल्या बारांपैकी अकराहून अधिक मुलांना आपण वाचतो त्या शब्दांचा अर्थच कळत नाही. आधी अक्षरं नकोत, अख्खे शब्द शिकवा, असा त्यांचा आग्रह. त्यावर 1844 मध्ये बॉस्टनचे 31 मास्तर एकजुटीने उलटले. मला मॅन यांचं म्हणणं पटतं. पण मास्तरांचं तेवढं पटत नसूनही एक गोष्ट नाकारता येत नाही: हे पुस्तक मास्तर नसतानाही चालायचं.

पुढे नामवंत कृष्णवर्णीय शिक्षक झालेल्या बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हाती पहिलं पुस्तक आलं ते हेच. गुलामगिरी नुकतीच संपली होती. आईने कुठून तरी ते मिळवून दिलं. आसपास वाचता येणारा आपल्यातला माणूस नव्हता, म्हणून पोराने एकट्यानेच त्या जोड्यांशी झटापट केली. त्याच्याही कितीतरी आधी, बॉल्टिमोरमध्ये, गुलाम असलेला फ्रेडरिक डग्लस हे पुस्तक खिशात घेऊन फिरायचा. मालकिणीने अक्षरं शिकवायला घेतली होती, मालकाने ते बंद पाडलं. मग रस्त्यावरच्या भुकेल्या गोऱ्या पोरांना घरची भाकरी द्यायची आणि बदल्यात धडा घ्यायचा, असा त्याने व्यवहार लावला. लिहायला तो कुंपणावर आणि फरसबंदीवर खडूने शिकला. त्यानंतर वेबस्टरमधली तिरकी अक्षरं उतरवायला बसला, पुस्तकात न बघता सगळी काढता येईपर्यंत.