दोन विश्वासराव : मराठी राजकीय चित्रपटातील प्रामाणिक नेतृत्व आणि नगर-राजकारणाचे वास्तव

प्रस्तावना

शहराच्या राजकारणातील भ्रष्टाचार हा मराठी समाजाच्या नित्य चर्चेचा विषय आहे. या चर्चेचा शेवट बहुधा एकाच अपेक्षेने होतो : एखादा स्वच्छ चारित्र्याचा नेता लाभावा, म्हणजे सर्व काही सुरळीत होईल. ही अपेक्षा लोकमानसात रुजविण्यात व तिला रूप देण्यात चित्रपट या माध्यमाचा वाटा मोठा आहे. प्रस्तुत लेखात ‘सिंहासन’ (१९७९) आणि ‘आजचा दिवस माझा’ (२०१३) या दोन मराठी चित्रपटांतील सत्ताधाऱ्यांच्या चित्रणाची चिकित्सा केली असून, जळगावच्या घरकुल प्रकरणाच्या आधारे त्या चित्रणाच्या मर्यादा तपासल्या आहेत. दोन्ही चित्रपटांत एक ‘विश्वासराव’ आहे, हा योगायोग लक्षणीय आहे. पहिला विश्वास गमावण्याची कथा सांगतो, तर दुसरा तो परत मिळविण्याची. मात्र विश्वास कोणावर ठेवावयाचा, व्यक्तीवर की व्यवस्थेवर, हा प्रश्न दोन्ही कथांत पुरेसा विचारला गेलेला नाही.

‘सिंहासन’ : सर्वव्यापी अविश्वास

अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवर आधारित या चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकर यांची, तर दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेल यांचे. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे (अरुण सरनाईक) यांची खुर्ची उलथविण्याची खटपट अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे (डॉ. श्रीराम लागू) करीत आहेत आणि पत्रकार दिगू टिपणीस (निळू फुले) हा सारा खेळ जवळून पाहत आहे, एवढेच कथासूत्र. परंतु त्याभोवती मुंबईचे संपूर्ण जग उभे राहते : तस्कर, उद्योगपती, कामगार नेता, झोपडीत राहणारा बेकार. सत्तेचे धागे मंत्रालयापासून गल्लीपर्यंत कसे पोहोचतात, हे या चित्रपटाइतक्या समर्थपणे फार थोड्या मराठी कलाकृतींनी दाखविले आहे.

या चित्रपटाचे सामर्थ्य असे की, त्यात कोणी एक खलनायक नाही. मुख्यमंत्री धूर्त आहेत, पण दुष्ट नाहीत. दाभाडे महत्त्वाकांक्षी आहेत, पण मूर्ख नाहीत. प्रत्येक जण आपापल्या जागी तर्कशुद्ध वागतो आणि त्या तर्कशुद्ध वागण्यांच्या बेरजेतून नासलेले राजकारण निर्माण होते. हे आकलन प्रगल्भ होय. तथापि चित्रपटाचा शेवट मात्र साक्षीदाराच्या कोसळण्यात होतो. दिगूचे मानसिक संतुलन ढळते. जो सर्व जाणतो त्याला काहीच करता येत नाही, असा निष्कर्ष प्रेक्षकाच्या हाती पडतो. आणीबाणी नुकतीच सरलेली, १९७७ च्या सत्तांतरातून उमललेल्या आशाही मावळत चाललेल्या, अशा काळात ही हताशा स्वाभाविक होती. परंतु ‘सगळेच तसे’ या भावनेचा लाभ शेवटी जे खरोखरच तसे असतात त्यांनाच होतो, हेही विसरून चालणार नाही.

‘आजचा दिवस माझा’ : एका रात्रीचा प्रामाणिकपणा

चंद्रकांत कुलकर्णी दिग्दर्शित ‘आजचा दिवस माझा’ या चित्रपटाने ‘सिंहासन’नंतर तीन दशकांहून अधिक काळाने उलट दिशा धरली. मुख्यमंत्री विश्वासराव मोहिते (सचिन खेडेकर) यांच्याकडून एका अंध वृद्ध गायकाचा नकळत अवमान होतो. या गायकाचा शासकीय कोट्यातील सदनिकेसाठीचा अर्ज वर्षानुवर्षे पडून आहे, हे कळताच मुख्यमंत्री त्याच रात्री घराची किल्ली त्याच्या हाती देण्याचा निश्चय करतात. पुढील कथा म्हणजे त्या एका रात्रीतील नोकरशाहीशी झुंज. ६१ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत हा चित्रपट सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, आणि त्याची लोकप्रियताही समजण्याजोगी आहे. दिरंगाई हाही अन्यायाचाच एक प्रकार आहे, हे तो ठामपणे सांगतो. सत्ताधाऱ्याला पश्चात्ताप होऊ शकतो, हे त्याने दाखविणे ‘सिंहासन’च्या हताशेनंतर आवश्यकही होते.

तरीही समीक्षकाने येथे थांबावयास हवे. त्या अर्जाच्या मागे-पुढे असलेल्या इतर अर्जदारांना कथेत चेहरा मिळत नाही. एकाला घर मिळते ते नियम सुधारल्यामुळे नव्हे, तर सर्वोच्च पदावरील व्यक्तीचे मन द्रवल्यामुळे. मन द्रवले नसते तर? अथवा ते दुसऱ्याच कोणासाठी द्रवले असते तर? महाराष्ट्राला या प्रश्नाचे उत्तर अनुभवाने माहीत आहे. सिमेंटच्या वाटपातील अधिकार आणि न्यासाला मिळालेल्या देणग्या यांच्या संबंधावर मुंबई उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यानंतर जानेवारी १९८२ मध्ये मुख्यमंत्री बॅ. अ. र. अंतुले यांनी राजीनामा दिला. ‘आदर्श’ या कुलाब्यातील गृहनिर्माण संस्थेच्या वादात नोव्हेंबर २०१० मध्ये मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना पद सोडावे लागले. त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांत पडद्यावर आलेला मुख्यमंत्री ज्या अधिकारामुळे दयाळू ठरतो, तोच विवेकाधिकार भ्रष्टाचाराचेही प्रवेशद्वार असतो. दया आणि मेहेरबानी यांतील सीमारेषा या चित्रपटाने पुसट केली आहे.

वगळलेले सभागृह

दोन्ही चित्रपटांत एक समान अनुपस्थिती जाणवते. शहर आहे, मंत्रालय आहे. पण त्यांच्या मधली संस्था, म्हणजे नगरपालिका किंवा महानगरपालिका, कथेच्या केंद्रस्थानी नाही. वस्तुतः नागरिकाचा राजकारणाशी रोजचा संबंध येतो तो येथेच : बांधकामाची परवानगी, आरक्षित भूखंड, पाण्याची जोडणी, रस्त्याचा ठेका. महाराष्ट्राच्या महानगरपालिका कायद्यात कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे आहेत, मोठ्या ठेक्यांची मंजुरी स्थायी समितीकडे, धोरणात्मक ठराव सभागृहाकडे, तर महापौरपद बव्हंशी मानाचे. आयुक्ताची बदली राज्य शासनाच्या हाती. अधिकार असा विभागला गेल्याने श्रेय सर्वांचे होते आणि जबाबदारी कोणाचीच राहत नाही. या रचनेत भ्रष्टाचार होण्यासाठी कोणी नियम मोडावाच लागतो असे नाही. पुष्कळदा तो रीतसर ठरावाने होतो.

जळगावचे घरकुल : वास्तवाची कसोटी

याचे सर्वांत बोलके उदाहरण बुलडाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जळगावचे आहे. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तत्कालीन जळगाव नगरपालिकेने झोपडपट्टीवासीयांसाठी अकरा हजारांहून अधिक घरकुले बांधण्याची योजना आखली, त्यासाठी कोट्यवधींचे कर्ज उभारले आणि काम ‘खान्देश बिल्डर्स’ या संस्थेस दिले. घरे मात्र थोडीच उभी राहिली. पालिकेची महानगरपालिका झाल्यावर, फेब्रुवारी २००६ मध्ये, तत्कालीन आयुक्त डॉ. प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दाखल केली. मार्च २०१२ मध्ये माजी मंत्री सुरेश जैन यांना अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळे येथील विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरविले. जैन यांना सात वर्षे कारावास व शंभर कोटी रुपये दंड, तर माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षे कारावास अशी शिक्षा झाली. या निकालास उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले असून, नोव्हेंबर २०२२ मध्ये जैन यांना नियमित जामीन मंजूर झाला.

या प्रकरणाकडे चित्रपटाच्या नजरेने पाहिल्यास एक प्रबळ नेता आणि एक निर्भय अधिकारी यांचा संघर्ष दिसतो. पण तेवढे दर्शन अपुरे ठरते. दोषी ठरलेल्यांत मोठ्या संख्येने माजी नगरसेवक होते, ही बाब अधिक विचारप्रवर्तक आहे. ते सर्वच खलनायक होते काय? की सभागृहात हात वर करणे म्हणजे नेत्यावरील निष्ठा, आणि ठराव न वाचणे म्हणजे विश्वास, अशी रीतच पडून गेली होती? ‘सिंहासन’मधील तर्कशुद्ध वागण्यांची बेरीज येथे प्रत्यक्षात दिसते. दुसरे असे की, फिर्यादीपासून निकालापर्यंत तेरा वर्षे गेली. या काळात अधिकारी बदलले, सरकारे बदलली; टिकून राहिला तो कागद. ठरावांची इतिवृत्ते, देयके व बँकेतील नोंदी यांच्या आधारे असा खटला उभा राहतो. आयुक्ताचे धैर्य निर्विवाद आवश्यक होते, मात्र नोंदी नसत्या तर ते धैर्य निष्फळ ठरले असते. आणि एवढे होऊनही ज्यांच्यासाठी ती घरे होती, त्यांना निकालाने घर मिळाले नाही. एका रात्रीत मिळालेल्या किल्लीच्या कथेशेजारी हे वास्तव ठेवून पाहावयास हवे.

देऊळघाटचा धडा

बुलडाणा शहरालगतच्या देऊळघाटसारख्या गावात प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातील लाभार्थ्यांची प्राधान्य यादी ग्रामसभेपुढे येणे बंधनकारक आहे. तेथे वाद होतात, गटबाजीही होते. परंतु यादी चारचौघांत वाचली जाते आणि ‘माझे नाव का नाही?’ असे विचारण्याची जागा उपलब्ध असते. शहरी नागरिकाला अशी जागा सहजी मिळत नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या अनिवार्य केल्या त्या तीन लाख वा अधिक लोकसंख्येच्या शहरांत. बुलडाण्यासारखी लहान शहरे त्या बंधनाबाहेरच राहिली. २०२२ नंतर राज्यातील अनेक महानगरपालिका दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होत्या. लोकप्रतिनिधी नसले म्हणजे कारभार आपोआप स्वच्छ होतो, ही समजूत त्या काळाने सिद्ध केली नाही. उलट प्रश्न विचारण्याचे हक्काचे सभागृहच नाहीसे झाले.

समारोप

‘सिंहासन’ने मराठी प्रेक्षकाला सत्तेचे वाचन शिकविले, तर ‘आजचा दिवस माझा’ने त्याला आशा बाळगण्याची अनुमती दिली. दोहोंचे मोल नाकारता येत नाही. परंतु पहिल्याची हताशा आणि दुसऱ्याची आशा एकाच गृहीतकावर उभी आहे : राजकारण म्हणजे सिंहासनावरील व्यक्तीचे चारित्र्य. जळगावचा अनुभव याहून वेगळे सांगतो. प्रामाणिक नेता तो, जो आपल्या अधिकाराने एकाला घर देतो असे नव्हे, तर जो स्वतःचा विवेकाधिकार कमी करून यादी, निविदा आणि ठराव लोकांसमोर ठेवण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतो. अशा नेत्याच्या कामात नाट्य कमी असेल आणि म्हणून तो पडद्यावर क्वचितच येईल. मराठी चित्रपटाने आणि साहित्यानेही ठराव वाचून मगच हात वर करणाऱ्या, किंवा न करणाऱ्या, एखाद्या सामान्य नगरसेवकाकडे पाहावयास हवे. नगर-राजकारणातील खरी परीक्षा त्या क्षणी होते, आणि तिसऱ्या विश्वासरावाची कथा तेथूनच सुरू होऊ शकेल.